विसरण्याचा वेग

२ जून

चि. बाळ्या,

आशीर्वाद आहेतच. ते भांडणावर अवलंबून नसतात.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि लहानपणापासून बंद पाकीट दिसलं की तुला उघडल्याशिवाय राहवायचं नाही.

तुझा पेपरातला लेख वाचला. ‘कळ दाबणाऱ्यांची कला’. भाषा चांगली आहे, ती माझ्याकडून आलीय. माझं नाव घातलं नाहीस म्हणून आभार मानायचे का? तुमच्या शहराच्या वार्षिक प्रदर्शनात यंदा संगणकावरचं काम एकाच बाईचं निवडलं गेलंय. ती बाई चित्रकलेच्या प्राध्यापकाची आई आहे, हे तुझ्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मग झाकलंस काय?

तू लिहितोस, यंत्राला निसर्गाचा श्वास कळत नाही. श्वासाचं मला माहीत नाही. मी मुंग्यांकडून शिकले. सबंध नोकरी विमा कंपनीत प्रोग्राम लिहिण्यात गेली, त्यामुळे कोणाचंही वागणं बघितलं की ते चार ओळींत कसं मांडता येईल असं डोक्यात येतं. मुंगी चालताना मागे वास सोडते. मागची त्या वासावरून येते, तीही वास सोडते. वाट जितकी वापरावी तितकी ठळक होते आणि वापरली नाही तर वास उडून जातो. एवढंच मी लिहिलं: चालणारा ठिपका, त्याचा वास, वास उडण्याचा वेग, आणि वाटेतले अडथळे. मग तो ठिपका चालायला लागतो आणि कुठे जाईल ते मलाही आधी कळत नाही. तुला तुझ्या रंगांचा ओघळ कुठे जाईल ते कळतं का?

नकाशे छापणाऱ्या एका माणसाकडून मी जुना प्लॉटर घेतलाय. ते यंत्र चिमट्यात पेन धरतं आणि कागदावर रेघ ओढत जातं, खरीखुरी शाईची रेघ. निब झिजली की रेघ जाड होते, कागद दमट असला की शाई फुटते. दहातले नऊ कागद मी टाकून देते. यंत्र आता तुझ्या खोलीत हलवलंय. तुझा पलंग काढून टाकला, ते सांगायचं राहिलं होतं.

कळ मी दाबते, खरं आहे. तूही ट्यूब दाबतोस.

चित्रं मागे घेणार नाही. सूनबाईला सांग, पाठवलेलं लोणी-रंगाचं स्वेटर मापात आहे.

आई


११ जून

चि. बाळ्या,

काल प्रदर्शनाच्या समितीच्या चिटणीस बाईंचा फोन आला. आवाजात इतकी साखर होती की मी आधीच सावध झाले.

“तुमच्या सात चित्रांबद्दल एक हरकत आलीय.”

“यंत्राची?”

“नाही नाही, ते आम्ही निवडतानाच बोललो होतो. ही हरकत कुटुंबाकडून आलीय.”

“कुटुंब म्हणजे कोण? मी इथे बसलेय.”

“तुमचे चिरंजीव.”

मी बाईंना म्हटलं, गॅसवर दूध आहे, नंतर बोलू. दूध नव्हतं. मला भिंतीला टेकून उभं राहायचं होतं.

ताकाला जाऊन भांडं लपवलंस, बाळ्या. यंत्र, श्वास, निसर्ग, एवढा मोठा लेख लिहिलास, आणि खरं दुखणं अर्जात लिहिलंस. ‘या चित्रांत माझ्या दिवंगत वडिलांच्या आजारपणाचं प्रदर्शन त्यांच्या संमतीशिवाय केलेलं आहे.’ बाईंनी वाचून दाखवलं.

म्हणजे तू ओळखलंस. पहिल्या कागदावर डावीकडे जो कोरा चौकोन आहे तो पलंग आहे. मधली लांबट कोरी पट्टी म्हणजे जेवणाचं टेबल. वरच्या बाजूला रेघांचा झुबका आहे ती बाल्कनी. बाकी कोणालाही ते मुंग्यांचं चित्र वाटलं असतं, आणि मागच्या पत्रात मी तुला मुंग्यांचंच सांगितलं. तू होऊन काही बोलतोस का, ते बघत होते. बोलला नाहीस. अर्ज केलास.

हो, ते तुझे बाबा आहेत. आता ऐकच.

आजाराचं दुसरं वर्ष होतं. एका दुपारी मी ओटा ओल्या फडक्याने पुसला. साखरेच्या डब्यापासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग होती, ती मधेच पुसली गेली. पुसलेल्या जागेपाशी पहिली मुंगी आली आणि थांबली. जरा डावीकडे गेली, परत आली, गोल फिरली. मागची आली, तीही थांबली. मी मान वर केली, तर पॅसेजमध्ये तुझे बाबा उभे होते. बाथरूमकडे निघाले होते. दोन पावलं पुढे, मग थांबले, डावीकडे वळले, परत आले, जागच्या जागी फिरले. अगदी तसंच. कोणीतरी त्यांच्यापुढची वाट फडक्याने पुसून टाकली होती.

मी तेव्हा रडले नाही. फडकं टाकलं आणि तुझ्या जुन्या वहीच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या. ते प्रोग्रामचं पहिलं टिपण. तुला हे निर्दयी वाटत असेल तर वाटू दे. बाई रडली असती तर चाललं असतं, तिने टिपण केलं म्हणून आभाळ कोसळलं, असंच ना?

सुनावणी सत्तावीसला आहे. मी येतेय. तुझ्याकडे उतरणार नाही.

आई


२० जून

चि. बाळ्या,

सूनबाईचा फोन आला होता, तुझ्या नकळत. तिला रागावू नकोस. म्हणाली, “आई, त्यांचं म्हणणं एवढंच आहे की बाबांना लोकांनी असं बघू नये.”

मग कसं बघावं? तू काढलेल्या चित्रातल्यासारखं? ते मी पाहिलंय, तुझ्या कॉलेजच्या जिन्यापाशी लावलेलं. कोट, उंच पाठीची खुर्ची, हात गुडघ्यांवर. रंग सुरेख आहेत. कपाळावरचा उजेड तर असा की माझा हात तिकडे गेला. पण बाळ्या, तो माणूस आयुष्यभर शाळेच्या मैदानावर कवायत घेत होता. जेवतानासुद्धा खुर्चीच्या टोकावर बसायचा, आता उठेन की मग उठेन असा. तू फोटोवरून काढलंस आणि त्यांना कायमचं बसवून टाकलंस. तुझे बाबा बसलेत. माझा नवरा चालतो.

संमतीचं विचारतोस. त्या खुर्चीसाठी तू कोणाची संमती घेतलीस?

आणि ऐक, त्यांनी बघितलं होतं. पहिला धड उतरलेला कागद मी टेबलावर पसरला होता. दिवसा त्यांना सांभाळायला जे ब्रदर यायचे, ते तिथेच होते, त्यांना विचार. तुझे बाबा आले, वाकले, पलंगाच्या चौकोनापाशी बोट ठेवलं आणि रेघेवरून चालवत चालवत थेट बाल्कनीपर्यंत नेलं. मग ब्रदरना म्हणाले, “इथून जायचं. सगळ्यांनी एका रांगेत.” तेव्हा त्यांना घरातली बाथरूम सापडत नव्हती. कागदावरची वाट सापडली.

तू वर्षातून दोनदा यायचास. यायच्या आधी मी त्यांची दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, सोफ्यावर बसवायचे. तू दोन दिवस राहायचास आणि जाताना म्हणायचास, “तसे ठीक दिसतायत.” मी तुला दोष देत नाही. कामं असतात, अंतर असतं. पण तुला जे दाखवलं तेवढंच घडलं असं समजू नकोस. शर्ट उतरवल्यावरही ते होते. कपाट उघडून दोन्ही हातांनी कपडे बाहेर फेकणारे ते होते. दाराची कडी काढता येईना म्हणून दारावर डोकं टेकून उभे राहणारे ते होते. मी तीन वर्षं त्यांच्या मागून चालले, पडले तर धरायला. या घराची फरशी न् फरशी मला पायाने पाठ आहे. ते मी काढायचं नाही, तर काय तुझ्यासारखं फळांची परडी काढू?

सात कागद कसे केलेत ते तू नीट पाहिलं आहेस की नाही, कोण जाणे. घर तेच, चालणारा तोच, नियम तेच. बदलतो तो फक्त वास उडून जायचा वेग. पहिल्या कागदावर वास टिकतो, म्हणून वाट खोल आणि एकच आहे: पलंग, बाथरूम, टेबल, बाल्कनी. दुसऱ्यावर तिला फाटे फुटतात. तिसऱ्यावर फाटे परत मूळ वाटेला मिळत नाहीत. चौथ्यावर पॅसेजमध्ये नुसता गुंता आहे. पुढे वाट अशी राहतच नाही. सातव्यावर घरभर सारखी राखाडी छटा पसरलेली आहे, कारण जो प्रत्येक पाऊल विसरतो तो सगळीकडे जातो. तो वेग मी मनाने ठरवलेला नाही. मी त्यांच्या मागे चालत होते, त्यावरून ठरवलाय. लावून बघायचं, नाही पटलं की कागद टाकायचा. सातव्या कागदाला पाच महिने लागले.

ही माझी कळ.

आई


२९ जून

चि. बाळ्या,

तू अर्ध्यातून उठून गेलास, म्हणून पुढचं कळवते.

तू होतास तोपर्यंतचं तुला माहीत आहे. समितीचे पाच जण, मधे पाण्याच्या बाटल्या, तू तिकडे, मी इकडे. कोर्टातसुद्धा मायलेकांना एवढं लांब बसवत नसतील. ते पांढऱ्या दाढीचे चित्रकार मला म्हणाले, “बाई, रागावू नका, पण हे तुम्ही काढलं की यंत्राने?” मी म्हटलं, “सर, मैदानात कवायत कोण करतं, शिट्टी वाजवणारा की पोरं?” ते हसले. तूही हसलास. मी पाहिलं. खाली बघून हसलास.

मग अध्यक्षांनी तडजोड काढली आणि ती तुझीच होती हे मला तुझ्या मान हलवण्यावरून कळलं. सहा कागद राहू देत, सातवा काढा.

“का?” मी तुला विचारलं, त्यांना नाही.

तू म्हणालास, “आई, त्यात बाबा नाहीतच. नुसता राखाडी कागद आहे. मी त्या कागदापुढे उभा राहू शकत नाही.”

“तेव्हा नव्हतेच रे ते,” मी म्हटलं. “मी होते.”

तू खुर्ची मागे सारलीस आणि गेलास. खुर्ची पडता पडता राहिली, चिटणीस बाईंनी धरली.

त्यानंतर अध्यक्ष बराच वेळ समजावत होते. सहा कागद ही काही लहान गोष्ट नाही, या प्रदर्शनात जागा मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात, आईने एक पाऊल मागे घेतलं तर बिघडलं कुठे. मी म्हटलं, “आईने मागे घेतलेल्या पावलांचं चित्र काढलं तर तुमच्या भिंती पुरायच्या नाहीत. सातही लागतील, नाहीतर एकही नाही.” त्यांनी मतं घेतली, आणि एकही नाही असं ठरलं.

मग मी हॉलमध्ये गेले. चित्रं आधीच लावून झाली होती. मी स्टूल मागवलं आणि एकेक कागद स्वतः उतरवला. लोक बाजूच्या भिंतींवरची चित्रं बघायला आले होते, ते थांबून माझ्याकडे बघायला लागले. एका मुलीने विचारलं, “काकू, चुकून लावली होती का?” मी म्हटलं, “नाही, चुकून उतरवतायत.” पांढऱ्या दाढीचे सर स्टूल धरून उभे होते. ते म्हणाले, “मी तुमच्या बाजूने मत दिलं होतं. तुमचा मुलगा फार हट्टी आहे हो.”

“माझ्यावर गेलाय,” मी म्हटलं.

सातही कागद नळकांड्यात घालून बसने घरी आणले. शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं, मासेमारीचा गळ आहे का. मी हो म्हटलं.

वाईट वाटलं का, असं तू विचारणार नाहीस, पण वाटलं. घरी आल्यावर नळकांडं तुझ्या खोलीत टाकलं आणि आठवडाभर यंत्राला हात लावणार नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत लावला.

आई


१६ ऑगस्ट

चि. बाळ्या,

तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते. चित्रं लागली. सातही.

ब्रदर आता एका केंद्रात काम करतात. विसरायला लागलेल्या माणसांना दिवसभर सांभाळायचं केंद्र. सकाळी घरचे आणून सोडतात, संध्याकाळी नेतात. पुढच्या बाजूला घरच्यांसाठी एक लांब खोली आहे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचं पिंप, आणि भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. ब्रदर भेटायला आले होते, नळकांडं बघून म्हणाले, “आजी, हे असं उभं करून ठेवायला काढलंत का?” त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. कॅलेंडर उतरलं.

नावाची पाटी नाही, प्रस्तावना नाही. ब्रदरनी प्रत्येक कागदाखाली नुसता आकडा चिकटवलाय, तोही जरा वाकडा.

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात बसून राहिले. कोणी बघेना. लोक फोन बघत होते, जांभया देत होते. एका बाईंनी मात्र पाहिलं. सात नंबरपर्यंत गेल्या, परत आल्या आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या दिवशीही पाठ करूनच बसल्या. मी त्यांची खुर्ची दारापाशी हलवून दिली. कागद हलवले नाहीत. त्याही त्याबद्दल काही बोलल्या नाहीत, फक्त जाताना मला म्हणाल्या, “माझ्या आईचं झालं, हे आता सासूबाईंचं. मला सातवा माहीत आहे.”

तुझी आठवण झाली. तुझंही काही खोटं नव्हतं. प्रत्येकाला बघवत नाही. पण म्हणून कोणीच बघू नये, असं होत नाही ना?

आणि मग गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. रिक्षा चालवतात, बायकोला आणून सोडतात. वय माझ्याहून कमी. चावी बोटावर फिरवत फिरवत एकापासून बघत आले आणि चारपाशी चावी थांबली. बराच वेळ उभे होते. मी बाजूला आहे हेही त्यांच्या लक्षात नव्हतं. ब्रदर फाइल घेऊन आले आणि विचारलं, “काका, काकूंचं कसं चाललंय सध्या?”

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. म्हणाले, “आम्ही चौथ्यावर आहोत.”

ब्रदरनी पाहिलं, मान हलवली आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मग ते गृहस्थ पाचव्यापुढे गेले. सहाव्यापुढे गेले. मला वाटलं, आता उठून सांगावं, पुढचं राहू द्या, उद्या बघा. नाही उठले. ते सातव्यापर्यंत गेले, तिथे चावी खिशात टाकली आणि म्हणाले, “बरं. म्हणजे असं आहे.” आणि पाणी पिऊन भाड्याला गेले.

मी रिकाम्या खोलीत बसून राहिले. तुमच्या प्रदर्शनात यंदा कोणाला बक्षीस मिळालं, मला माहीत नाही. विचारणारही नाही.

आई


७ सप्टेंबर

चि. बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण पेनाने लिहिलेल्या. अक्षर बिघडलंय.

तू केंद्रात येऊन गेलास हे ब्रदरनी आधीच सांगितलं होतं. मी नसताना आलास, ठीक आहे. सातव्यापुढे उभा राहिलास आणि मग बराच वेळ खाली बसलास, हेही सांगितलं. ‘चित्राबद्दल नंतर बोलू’ असं लिहिलंस. नंतर बोलू. मी माझा शब्द बदलणार नाही, तुलाही बदलायची घाई नाही. आपण दोघं चांगली भांडू शकतो.

तू विचारलंस, “शेवटच्या वर्षी बाबा मला ओळखत होते का?”

गोड उत्तर द्यायचं तर मला येतं. विमा कंपनीत प्रोग्रामच्या जोडीला मी लोकांना चांगली पत्रंही लिहून द्यायचे. पण सातवा कागद भिंतीवर ठेवायचा हट्ट धरणाऱ्या बाईने इथे गोड बोलू नये.

नाही, बाळ्या. तुझा फोन आला की मी त्यांच्या कानाला लावायचे आणि ते “हो, हो” म्हणायचे. तू खूश व्हायचास. ते सगळ्यांनाच “हो, हो” म्हणायचे, दूधवाल्यालासुद्धा. तुझा फोटो दाखवला की बघायचे आणि म्हणायचे, “हा मुलगा ताठ उभा राहतो.” त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी त्यांच्या शाळेतही कोणाला मिळाली नव्हती, पण ती तुला होती असं मी म्हणणार नाही. फोटोतल्या मुलाला होती.

मलाही ओळखत नव्हते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. एकदा मी त्यांना धरून बाल्कनीपर्यंत नेत होते. ते थांबले, माझ्याकडे नीट वळले आणि अनोळखी बाईशी बोलावं तसं अदबीने विचारलं, “बाई, तुम्ही इथे रोज येता का?”

मी म्हटलं, “हो, रोज.”

म्हणाले, “बरं झालं.”

हे काही मला प्रोग्रामात बसवता आलं नाही. जे बसवता आलं ते भिंतीवर आहे आणि ते तिथेच राहील. तू ये. आता मी असताना ये.

आई